टेक्सासमधला स्पॅनिश-इंग्रजी वर्ग आणि घरी मराठी बोलणारी मुलगी

पाच वर्षांची मुलगी, घरी फक्त मराठी, ऑगस्टपासून टेक्सास. तिला स्पॅनिश-इंग्रजी ड्युअल लँग्वेज (दोन्ही भाषांत शिकवणाऱ्या) वर्गात घालावं का, असं तुम्ही विचारलंय. चार-पाच वर्षं एकाच स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (शाळांच्या स्थानिक विभागात) राहणार असाल तर जरूर घाला. लवकर हलावं लागण्याची शक्यता असेल, तर आधी शाळेचं मॉडेल, म्हणजे कुठल्या भाषेला किती वेळ, ते विचारा.

९०-१० मध्ये किंडरगार्टनला ९० टक्के वेळ स्पॅनिश असतं. पुढे दरवर्षी इंग्रजी वाढत जाऊन चौथी-पाचवीला निम्मं-निम्मं होतं. वाचनही आधी स्पॅनिशच शिकवतात. म्हणून दुसरीत मूल उचलून इंग्रजी शाळेत घातलं, की ते स्पॅनिश घडाघडा वाचतं आणि इंग्रजी पुस्तकापाशी अडतं. ५०-५० मध्ये हा धोका कमी, पण स्पॅनिशही तेवढं मुरत नाही. 'नंतर बघू' मात्र म्हणू नका. पहिलीनंतर बऱ्याच शाळा स्पॅनिश येत असेल तरच घेतात.

टू-वे वर्गात दोन्ही भाषांची मुलं मुद्दाम मिसळतात. मराठी मूल कुठल्या बाजूला मोजणार, हे ऑफिसात विचारा. इंग्रजीच्या बाजूला सहसा लॉटरी असते.

प्रवेशाच्या वेळी घरच्या भाषेचा फॉर्म येतो. त्यावर मराठीच लिहा. मूल मागे पडेल या भीतीने आपली माणसं 'इंग्रजी' लिहितात, मग इंग्रजीची चाचणी होत नाही आणि जी मदत हक्काने मिळाली असती तीही जाते. १ सप्टेंबरला चार वर्षं पूर्ण झालेलं, इंग्रजी न येणारं धाकटं भावंड असेल तर त्याला सरकारी प्री-के (किंडरगार्टनच्या आधीचा वर्ग) मोफत मिळू शकतं.

उच्चारांची काळजी नको. स्पॅनिशचे प, त, क आपल्यासारखेच, स्वर पाचच. एच मुका, जे म्हणजे घशातला ह, डबल एल बहुधा य. एवढ्यावर तुम्ही तिचं वाचन तपासू शकता. घरी मराठीच बोला आणि वाचून दाखवा. इंग्रजी तिला शाळेत पुरेसं ऐकायला मिळेल.

निघण्याआधी लसीकरणाचं कार्ड बघा. भारताच्या सरकारी वेळापत्रकात गालगुंड नसलेली गोवर-रुबेला लस असते; तिथे गालगुंडासह एमएमआर, कांजिण्या आणि हिपॅटायटिस ए यांचे प्रत्येकी दोन डोस मागतात. इथेच सुरू करा, दोन डोसांत अंतर लागतं.