बोकडाचे कातडे घरी कमावता येईल?

प्रश्न : आमच्याकडे शेळ्या आहेत. बोकड कापला की कातडे फेकून देतो. एकदा ते उन्हात वाळवले, तर फळीसारखे कडक झाले. क्रोम (कारखान्यात कातडे कमावायला वापरतात ते रसायन) न वापरता घरीच कमावून त्याची पिशवी शिवता येईल का?
– एक वाचक, माण

उत्तर : येईल. तुम्ही वाळवलेले कातडे कच्चेच राहिले. हलगीला तसेच लागते, पण ते भिजले की कुजते. बाभळीच्या सालीतले आणि हिरड्यातले टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, कातड्यात मुरले, की मगच त्याचे चामडे होते.

सोलल्याबरोबर आतल्या बाजूला भरपूर मीठ चोळा. मग धुऊन, भिजवून, विरवलेल्या चुन्याच्या पाण्यात ठेवा आणि रोज वर-खाली करा. आठवडाभरात केस हाताने सुटू लागतात. ओंडक्यावर पसरून बोथट सुरीने केस आणि मागचा मांसाचा पापुद्रा काढा. हातमोजे घालाच, चुना कातडी खातो. तो पूर्ण जाईपर्यंत पाणी बदलत राहा, शेवटी एक रात्र गव्हाच्या कोंड्याच्या आंबलेल्या पाण्यात ठेवा.

आता खरे काम. साल आणि हिरडा कुटून उकळा. पहिले पाणी अगदी फिके हवे, दर दोन-तीन दिवसांनी दाट करत जा. सुरुवातीलाच कडक काढा घातला तर वरचा थर आवळतो आणि आत कच्चे राहते. वडील कडेचा तुकडा कापून बघायचे : मधे पांढरी रेघ दिसली की कातडे परत पाण्यात. शेळीच्या कातड्याला दोन-तीन आठवडे धरा. कोल्हापुरी चपलेसाठी म्हशीच्या जाड कातड्याची पिशवी शिवून, त्यात काढा भरून टांगत, म्हणजे तो आपल्या भाराने आरपार मुरे. भांडे प्लॅस्टिकचे किंवा मातीचे घ्या, लोखंडाने काळे डाग पडतात.

ही विद्या आमच्या ढोर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. विहिरीवरच्या मोटा आमच्याच कातड्याच्या होत्या, आणि त्याच विहिरीवर आम्हाला पाणी भरू देत नसत. तुमच्या भागात जुना कारागीर असेल तर त्याच्याकडे जाऊन शिका आणि शिकवण्याचे पैसे द्या.

धुऊन झाल्यावर, ओलसर असतानाच तेल चोळा, सावलीत वाळवा, अधूनमधून हाताने ताणा. नाहीतर पुन्हा कडक होईल. चुन्याचे पाणी ओढ्यात सोडू नका. आणि अचानक मेलेले, नाकातोंडातून रक्त आलेले जनावर कधीही सोलू नका. काळपुळी असू शकते, ती माणसालाही होते. पशुवैद्यकाला बोलवा.