ग्रीनकॅसलला निघालात, तर शनिवारचं सांगते

ताई, नवऱ्याला अमेरिकेत, इंडियानातल्या ग्रीनकॅसलला नोकरी लागलीय, मुलगा १२ वर्षांचा आहे, गाव आणि शाळा कशी, एकटेपणा वाटतो का, एवढंच विचारलंत तुम्ही. व्हिसाचं सगळं सरकारी साइटवर आहे, ते मी लिहीत बसत नाही.

गाव फुटबॉलचं. हातात धरून पळतात तो फुटबॉल. तिथलं डीपॉ आणि २७ मैलांवरच्या क्रॉफर्ड्सव्हिलचं वॉबॅश, ही दोन छोटी कॉलेजं १८९० पासून एकमेकांशी खेळतायत. १९३२ पासून जिंकणारा मोनॉन रेल्वेची जुनी घंटा घेऊन जातो. नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी गावात कुणाकडे काम काढू नका.

आमचा मुलगा ओहायोतल्या तसल्याच एका कॉलेजात खेळला. डिव्हिजन थ्री, म्हणजे कॉलेजांच्या खेळांची तिसरी पातळी. खेळावर एका डॉलरची शिष्यवृत्ती नाही, तसा नियमच आहे. सप्टेंबर ते नोव्हेंबर, १० सामने, संपलं. आमचा लाँग स्नॅपर, म्हणजे किक मारणाऱ्याकडे ओणवं होऊन पायांमधून चेंडू मागे फेकणारा. सामन्यात पाच-सहा वेळा मैदानात. नीट फेकला तर कुणी नावही घेत नाही. शेवटच्या वर्षी ४ जिंकले, ६ हरले. त्यातला एक शेवटच्या मिनिटाला. चूक त्याची नव्हती, मी व्हिडिओ तीनदा बघितलाय.

आता शाळा. आम्ही आलो तेव्हा तो सांगलीत सातवी पास झालेला. इथल्या शाळेने मार्कशीट मराठीत म्हणून बाजूला सारली, भाषांतर दिलं तरी पुन्हा सातवीतच बसवलं. मी म्हटलं, जाऊ दे, एका वर्षाने काय होतं. काय होतं ते सांगते. एच-फोर म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या बायकामुलांचा व्हिसा, त्यावरचं मूल २१ पूर्ण झालं की त्या व्हिसावर राहत नाही, आणि ग्रीन कार्डाची आपली रांग दहा वर्षांहून लांब. ते वर्ष गेलं नसतं तर तो शेवटच्या वर्षात २१चा झाला असता. झाला तिसऱ्या वर्षी, ऑक्टोबरात, सीझनच्या ऐन मध्यावर. विद्यार्थी व्हिसाचा अर्ज वाढदिवसाआधी जायला हवा, तो गेला. मंजुरी आली सीझन संपल्यावर. त्या सगळ्या शनिवारी स्टँडमध्ये बसून मी स्कोअर कमी आणि फोनवर केस नंबर जास्त बघितला. हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

फीसाठी सरकारी मदत एच-फोरवाल्यांना नाही. बरोबरची पोरं कॉलेजच्या जिममध्ये टॉवेल धुऊन खर्चाचे पैसे काढायची, याला कामाचीच परवानगी नव्हती. विद्यार्थी व्हिसा झाल्यावर पहिली गोष्ट केली ती ही, टॉवेल धुवायला लागला. मला फोटो पाठवला. हे म्हणाले, याच्यासाठी आलो का आपण. मी मात्र तो फोटो ठेवलाय.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. कुकर आणि जाड मोजे जास्तीचे आणा.

शेवटच्या घरच्या सामन्याला आईबापांना मैदानात बोलावतात, मुलाबरोबर चालत जायचं. माईकवाल्याने आमचं आडनाव असं काही उच्चारलं की मला क्षणभर कळलंच नाही आम्हालाच बोलावलंय. पोराने दंडाला धरून पुढे नेलं.

गाव चांगलं आहे, या. फक्त मुलाचा वाढदिवस कोणत्या महिन्यात ते लिहिलं नाहीत. तेवढं कळवा.