दोन वर्षांच्या अनुभवावर ‘हेड ऑफ मार्केटिंग’ व्हावं का?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षांचा अनुभव आहे आणि हातात दोन ऑफर आहेत. एक मोठ्या कंपनीत असिस्टंट ब्रँड मॅनेजरची, दुसरी बारा माणसांच्या स्टार्टअपमध्ये ‘हेड ऑफ मार्केटिंग’ची. मित्र म्हणतायत स्टार्टअपमध्येच जा, मोठ्या कंपनीत नुसत्या स्लाइड करायला लावतात.

मोठ्या कंपनीत जा. निदान तीन वर्षं. तुमच्या मित्रांचं हे वाक्य मी एकदा भर मीटिंगमध्ये ऐकून घेतलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी चार वर्षं एका मोठ्या कंपनीत ब्रँडवर होते. तिथल्या माझ्या मॅनेजर बाईंनी माझा पहिला ब्रीफ, म्हणजे जाहिरात एजन्सीला काय हवंय ते सांगणारं टिपण, सात वेळा परत पाठवला. सातही वेळा समासात लाल पेनाने तोच प्रश्न लिहिलेला: “हे केलंच नसतं तर काय झालं असतं?” एजन्सी खोळंबलेली, तारीख तोंडावर आलेली, आणि मी पुन्हा आकडे काढत बसलेली की जाहिरात नसती तरी या भागात माल किती खपला असता. रडू यायचं अगदी. पण ही शिस्त बाईंच्या डोक्यातून आलेली नव्हती. १९३१ साली प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये कॅमे साबणाचं काम बघणाऱ्या नील मॅकेलरॉयने तीन पानांचं एक टिपण लिहिलं आणि ब्रँड मॅनेजरचं काम त्यातून उभं राहिलं. त्याचं म्हणणं होतं की जिथे खप जास्त आहे तिथे नेमकं काय केलं ते तपासा आणि दुसरीकडे करून बघा. जिथे कमी आहे तिथे दुकानदारांशी, ग्राहकांशी जाऊन बोला. एका भागाची दुसऱ्या भागाशी तुलना करायची हे वळण मला सात वेळा परत आलेल्या त्या ब्रीफने लावलं.

मग मी चौदा जणांच्या एका स्टार्टअपमध्ये गेले. ऑनलाइन चष्मे विकायचो. काम मला मनापासून आवडलं, हे आधीच सांगते. ग्राहकांचे फोन मी स्वतः घ्यायचे. एका आठवड्यात तीन-चार जणांनी तेच विचारलं, “नंबर चुकला तर काच बदलून देणार का?” देत होतोच आम्ही, पण ते पानावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्याच दुपारी ते वाक्य ऑर्डरच्या बटणाखाली टाकलं आणि त्या प्रश्नाचे फोन जवळजवळ थांबले. मोठ्या कंपनीत एवढ्या एका वाक्यासाठी एजन्सी, लीगल आणि दोन मॅनेजर यांच्यात महिना गेला असता.

पुढे २०२१ च्या एप्रिलमध्ये ॲपलने आयफोनची नवी सिस्टीम, आयओएस १४.५, आणली. दुसऱ्या कंपन्यांच्या ॲप आणि साइटवर माणसाचा माग काढायचा तर आधी त्याची परवानगी घेणं बंधनकारक झालं. पुष्कळांनी नकार दिला, कुठली ऑर्डर जाहिरातीतून आली हे फेसबुकला नीट कळेना आणि त्या जाहिरातींचे आमचे आकडे एकदम पडले. ऑर्डरी तितक्या पडल्या नव्हत्या, पण जाहिरातींचे आकडे दाखवणारा डॅशबोर्ड लाल झाला होता. एकच ओळ हिरवीगार राहिली: आमच्याच कंपनीचं नाव गूगलवर शोधणाऱ्यांना दाखवायची जाहिरात. फाउंडर म्हणाले, सगळं बजेट इकडे वळवा.

सोमवारची मीटिंग होती. मी विचारलं, “जो आपलं नाव टाइप करतोय तो आपल्याकडेच यायला निघालाय ना? जाहिरात नसती तर खालच्या फुकटच्या लिंकवरून आला नसता का?” तेव्हा ते सगळ्यांसमोर म्हणाले, “तुला मोठ्या कंपनीत फक्त स्लाइड करायला शिकवलंय.”

दोन आठवडे भांडून मी परवानगी मिळवली. शहरांचे दोन सारखे गट केले. एका गटात नावावरची जाहिरात तीन आठवडे बंद, दुसऱ्यात चालू. दोन्हीकडे ऑर्डरींची चाल सारखीच राहिली. म्हणजे तो पैसा आम्ही आधीच आपल्या असलेल्या गिऱ्हाइकावर घालवत होतो.

पुढच्या महिन्यात जाहिरात पुन्हा सुरू झाली. कारण गुंतवणूकदारांना जाणाऱ्या शीटमध्ये जाहिरातीतून मिळालेला एक ग्राहक कितीला पडला हा आकडा असायचा, आणि या फुकटच्या ग्राहकांमुळे तो स्वस्त दिसायचा. ती ओळ काढली की खरा आकडा उघडा पडणार होता. चौदा जणांत हा प्रश्न समजणारं दुसरं कोणी नव्हतं, वर दाद मागायलाही कोणी नव्हतं. चौदाव्या महिन्यात मी सोडलं.

सोडल्यानंतर वाचनात आलं की ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या साइटने २०१२ मध्ये हेच केलं होतं. याहू आणि एमएसएनच्या सर्चवर स्वतःच्या नावाच्या जाहिराती बंद केल्या, आणि गेलेले जवळजवळ सगळे क्लिक साध्या सर्चमधून परत आले. २०१५ मध्ये तो अभ्यास ‘इकॉनोमेट्रिका’ या अर्थशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला. तेव्हा हाती असता तर त्या मीटिंगमध्ये मी तोच टेबलावर ठेवला असता.

तुम्हाला ‘हेड’ करतायत याचा अर्थ तुमच्या वर मार्केटिंग कळणारं कोणी नाही. दोन वर्षांत माणसाला कॅम्पेन चालवता येतं. कॅम्पेन चाललं की नुसतं चाललंसं दिसलं, हे ओळखायला कोणीतरी ब्रीफ परत पाठवावा लागतो. माझ्याकडे त्या सात लाल प्रश्नांची पुंजी नसती तर मीही त्या हिरव्या ओळीवर खूश राहिले असते, आणि आज सीव्हीमध्ये ती अभिमानाने मिरवली असती.

आता थोडं उलट बाजूचंही. सगळ्याच मोठ्या कंपन्यांत असं शिकवत नाहीत. कित्येक ब्रँड टीम एजन्सीचे मेल इकडून तिकडे पाठवण्यापलीकडे काही करत नाहीत. तिथे तीन वर्षं वाया जातील. आणि स्टार्टअपचा फाउंडर स्वतः आकड्यांत प्रामाणिक असेल, किंवा आधी हे काम केलेला कोणी सल्लागार आठवड्यातून एकदा तुमच्याबरोबर बसणार असेल, तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा. शेअर्सच्या आमिषावर मात्र निर्णय घेऊ नका. बहुतेक ठिकाणी ते चार वर्षांत हप्त्याहप्त्याने हातात येतात आणि वर्षाच्या आत सोडलं तर काहीच मिळत नाही. पगाराचं तुम्ही विचारलंय, पण दोन्ही आकडे लिहिलेले नाहीत, तेव्हा त्यावर बोलत नाही.

मोठ्या कंपनीत विचारा: गेल्या वर्षी कुठली जाहिरात बंद केलीत आणि कशावरून? स्टार्टअपमध्ये विचारा: स्वतःच्या नावावरच्या जाहिराती वगळून एक ग्राहक कितीला पडतो? तो आकडा वेगळा काढून दाखवायला का-कू केली, तर मी तरी तिथे सही करणार नाही.