'डॉक्टर हू' पहिल्यांदाच बघायचं आहे, सुरुवात कुठून करू?

थेट २००५ पासून. १९६३ मध्ये बीबीसीवर सुरू झालेली ही ब्रिटिश विज्ञानकथा मालिका १९८९ मध्ये थांबली आणि २००५ मध्ये परत आली, ती नवा प्रेक्षक डोळ्यांसमोर ठेवूनच. पहिला भाग 'रोझ'. दुकानात काम करणाऱ्या एका मुलीच्या नजरेतून सगळं उलगडतं. हा डॉक्टर कोण, ती निळी पेटी (त्याचं काळातून फिरणारं यान) आतून एवढी मोठी कशी, हे तिच्याबरोबरच आपल्याला कळत जातं.

इफेक्ट्स जुनाट वाटतील, पण नवव्या भागापर्यंत तरी धीर धरा. महायुद्धातलं लंडन, वरून बॉम्ब पडतायत आणि गॅस मास्क चढवलेला एक लहानगा प्रत्येकाला 'तू माझी आई आहेस का?' विचारत फिरतोय. तिथे मालिका मनात घर करते!

जुने इफेक्ट्स अजिबातच सहन होत नसतील, तर २०१० पासून बघा. तिथे डॉक्टरच्या भूमिकेत नवा नट (मॅट स्मिथ), नवी सोबतीण, त्यामुळे मागचं माहीत नसलं तरी अडत नाही.

१९६३ पासून क्रमाने बघायचा हट्ट मात्र नको. साठच्या दशकातले बरेच भाग बीबीसीने टेप पुसल्यामुळे आज उपलब्धच नाहीत. आधी डॉक्टरवर जीव जडू द्या, जुने भाग मग आपोआप शोधाल.