धारूरहून ब्रॅडफर्डला निघण्याआधी

तुझा प्रश्न दोनदा वाचला. बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यात तू वैद्यकीय अधिकारी आहेस, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या लेकरांच्या तब्येतीवर आणि शिक्षणावर कशाकशाचा परिणाम होतो याचा अभ्यास करायचाय. त्यासाठी इंग्लंडात एका वर्षाचं मास्टर्स करायचं आणि तेवढे दिवस तीन वर्षांची लेक अंबाजोगाईला आजीजवळ ठेवायची, असा बेत आहे. मी मूळची अंबाजोगाईचीच, सात वर्षं इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डला याच कामात आहे. माझं मत स्पष्ट सांगते: मास्टर्ससाठी येऊ नकोस. थोडं थांब, पीएच.डी.साठी ये आणि लेकीला घेऊन ये.

व्हिसाचे नियमही तसेच आहेत. जानेवारी २०२४ पासून नुसत्या वर्गातल्या मास्टर्सला येणाऱ्यांना नवरा-मुलं सोबत आणता येत नाहीत, पीएच.डी.ला आणता येतात. आरोग्यसेवेचा अधिभार विद्यार्थ्याला आणि सोबतच्या प्रत्येकाला वर्षाला ७७६ पौंड, तोही सगळ्या मुदतीचा अर्जाबरोबरच भरावा लागतो. त्यामुळे फेलोशिप हातात पडल्याशिवाय नोकरीचा राजीनामा देऊ नकोस.

मी पैशापायी लेकाला अकरा महिने आईकडे ठेवलं होतं. न्यायला गेले तेव्हा तो आईच्या पदराआड जाऊन उभा राहिला. मी आणलेली गाडी त्यानं घेतली, पण आधी मी ती आजीच्या हातात दिली तेव्हाच. आईनं त्याला जिवापाड जपलं होतं, वजन वाढलं होतं, बोलायलाही स्वच्छ लागला होता. तरी इथं आल्यावर कितीतरी महिने तो रात्री उठला की हाक आजीलाच मारायचा, आणि आजी सात हजार किलोमीटरवर. एका लेकरावरून शास्त्र होत नाही हे तुलाही कळतं. पण निर्णय तुला एकाच लेकराबद्दल घ्यायचाय.

आता कामाबद्दल. ब्रॅडफर्डमध्ये बालमृत्यू जास्त होते, त्यातून 'बॉर्न इन ब्रॅडफर्ड' हा अभ्यास उभा राहिला. २००७ ते २०१० या काळात सुमारे साडेबारा हजार गरोदर बायांची नोंद झाली आणि त्यांची लेकरं आज किशोरवयात असतानाही अभ्यास चालू आहे. त्यातली जवळपास निम्मी पाकिस्तानी वंशाची. आपल्या पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून सहा गावांत जे काम केलं, ते इथं येण्याआधी नीट वाच. पुण्याकडच्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडातल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. हाडापेरानं आपलं बाळ बारीक, पण कातडीखालची चरबी मात्र त्यानं जवळजवळ राखलेली. इथं जन्मलेल्या पाकिस्तानी वंशाच्या बाळांतही तोच कल दिसला. म्हणजे अंगणवाडीतला वजनकाटा निम्मीच गोष्ट सांगतो. उंची, दंडघेर, आईच्या रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्व हेही हवं.

पण या सगळ्या अभ्यासांचा खरा जीव एकाच गोष्टीत आहे: तेच लेकरू पुन्हा पुन्हा सापडलं पाहिजे. न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या १०३७ बाळांचा अभ्यास सुरू झाला. ती माणसं ४५ वर्षांची झाली तेव्हा हयात असलेल्यांपैकी ९४ टक्के तपासणीला आली. परदेशी गेलेल्यांना विमानाचं तिकीट काढून बोलावतात. एवढा खर्च का, तर जो सुटतो तो बहुतेक वेळा अडचणीतला असतो, आणि तो सुटला की उरलेल्यांची सरासरी गोड दिसायला लागते.

तुझ्या भागात नेमकं तेच होतं. दसरा-दिवाळीला कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, निघाले की अंगणवाडीच्या रजिस्टरात ओळीनं 'गैरहजर', 'स्थलांतरित'. लेकरू कुठल्यातरी कारखान्याच्या उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत असतं, नाहीतर गावात म्हाताऱ्याजवळ, नाहीतर हंगामी वसतिगृहात. या तीन वाटांनी गेलेल्या लेकरांचं काय होतं, हाच तुझा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर एका दिवसाच्या सर्वेक्षणातून येत नाही. पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलात परत आलेलं लेकरू मोजलं, तर जाताना ते कसं होतं हे माहीत हवं ना? शाळेचं दुसरं सत्र तर पूर्णच गेलेलं असतं.

लेकीचं फार अवघड नाही. इंग्लंडात तीन वर्षं पूर्ण झाल्यावर पुढच्या सत्रापासून आठवड्याला १५ तास बालवाडी मोफत, चार पूर्ण झाल्यावर येणाऱ्या सप्टेंबरात शाळा. चार वर्षांपर्यंतच्या मुलांना रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व द्यायला सांगतात. आपल्या रंगाच्या लेकरांना ते चुकवू नकोस, हिवाळ्यात ऊन नावालाच असतं. घर घेताना भिंतींची ओल आणि बुरशी बघ, त्यानं दम्याचा धोका वाढतो. घरात मराठीच बोला. इंग्रजी शाळा शिकवते, मराठी दुसरं कुणी शिकवणार नाही.

मधल्या काळात एक काम कर. या दसऱ्याला टोळ्या हलायच्या आधी, वरिष्ठांची लेखी परवानगी आणि आईबापांची संमती घेऊन, दोन-तीन गावांतल्या पाच वर्षांखालच्या लेकरांची वजन-उंची घे आणि कोण कुठं जाणार ते लिहून ठेव. फोन नंबर आईबापाचा घे, सोबत मागं राहणाऱ्या आजीचा किंवा शेजारच्या घराचा. टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या हातून काही मागवू नकोस. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, त्याच्याकडून घेतलेली असते, त्याच्यासमोर बाई खरं बोलत नाही. एप्रिलात पुन्हा मोज. जी सापडणार नाहीत त्यांची यादी वेगळी ठेव, आणि पीएच.डी.च्या अर्जात पहिल्यांदा त्या यादीबद्दल लिही. अर्जाचा मसुदा झाला की मला पाठव, मी बघून देते.