लेकीचं एसीएल तुटलं, आता म्हणते फिजिओच व्हायचं

नमस्कार दादा,

तुमचं पत्र वाचलं, दोनदा वाचलं. लेक अकरावी सायन्सला, जिल्ह्याकडून कबड्डी खेळते, रेड टाकून माघारी वळताना पाय मॅटवर तसाच राहिला आणि अंग फिरलं, गुडघ्यात कट्कन आवाज, एमआरआयमध्ये एसीएल (गुडघ्यातली हाडं आतून बांधून ठेवणारा पट्टा) तुटलेलं, ऑपरेशन होऊन दोन महिने झालेत. आता ती म्हणते फिजिओथेरपीला जायचं आणि तुम्ही म्हणताय बायो सोड, कॉम्प्युटर घे, मालिश करून कुणाचं घर चाललंय का.

दादा, पुढच्या वेळी तिला सोडून बाहेर गाडीपाशी थांबू नका, आत जाऊन बसा. फिजिओ टेप काढून गुडघ्याच्या वर दोन्ही मांड्या मोजतात ना ते बघा, ऑपरेशनच्या पायाची मांडी कमी भरेल, कारण गुडघा सुजला की मांडीचा पुढचा स्नायू नीट आवळताच येत नाही आणि तो भराभर झडतो. तो परत भरून आणणं, गुडघा पूर्ण सरळ करून घेणं, मग एका पायावर उडी मारून उतरताना गुडघा आत पडतोय का ते बघणं (मुलींना ही दुखापत मुलांपेक्षा जास्त होते, त्यात हेही एक कारण आहे), यात मालिश कुठंय सांगा. आणि दुखायचं थांबलं म्हणून तिला मैदानावर सोडू नका हां, तुटलेल्या एसीएलच्या जागी बसवलेला ग्राफ्ट, म्हणजे नवा पट्टा, मुरायला वेळ लागतो, किमान नऊ महिने तरी नाही, आणि नंतरही दोन्ही पायांची ताकद जवळपास सारखी झाल्यावरच.

प्रत्येक खेळाचं दुखणं वेगळं असतं. फास्ट बॉलरच्या कमरेच्या हाडाला चीर जाते, पळणाऱ्याचा हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू), व्हॉलीबॉलवाल्याचा खांदा आणि घोटा. नीरज चोप्राच्या कोपराचं ऑपरेशन 2019 ला झालं आणि 2021 ला टोकियोत गोल्ड आलं, अशा रिकव्हरीत फिजिओचं काम केवढं असतं विचार करा.

आता कोर्सचं. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायो लागतं, नीट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, प्रवेश राज्याच्या सीईटी सेलकडून होतात, इंटर्नशिप धरून साडेचार-पाच वर्षं जातात, आणि स्पोर्ट्सच करायचं तर वर दोन वर्षांचं एमपीटी, म्हणजे फिजिओथेरपीतलं मास्टर्स. सुरुवातीचा पगार कमी असतो, हे लपवत नाही. टीमसोबत फिरायच्या नोकऱ्याही मोजक्याच, बाकी बहुतेक वेळ ओपीडीत गुडघे धरलेल्या आज्या आणि अर्धांगवायूचे पेशंट.

म्हणून माझी काळजी वेगळीच आहे. कबड्डी हातची गेली या भीतीने ती फिजिओ म्हणतेय का? दोन महिन्यांत पोरं फार खचलेली असतात, तेव्हा खेळ सोडायचं आत्ता घरात कुणी बोलूच नका. तिला एक वही द्या, रोज कोणता व्यायाम दिला आणि का दिला ते फिजिओंना विचारून लिहू दे, आणि त्यांची परवानगी घेऊन आठ दिवस ओपीडीत नुसतं बसू दे. आज्यांचे गुडघे बघूनही तिला तिथेच थांबावंसं वाटलं तर मला परत लिहा, नीटची तयारी कशी करायची ते बोलू. तोपर्यंत बायो सोडायचा अर्ज कॉलेजात देऊ नका.