टेकडीवरच्या झुडपी माळावर दुर्मीळ कीटक आणि कोळी कसे नोंदवावेत, आणि जपावेत कसे?

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी आहेत. रोज टेकडीवर फिरायला जाणाऱ्या तुमच्या गटाला तिथले दुर्मीळ कीटक आणि कोळी नोंदवायचेत, आणि त्यांना आसरा मिळावा म्हणून येत्या पावसाळ्यात तो ‘ओसाड’ उतार झाडं लावून हिरवा करायचाय. पहिलं जरूर करा. दुसरं मात्र थांबवा.

मुळशीच्या बाजूला पाऊस कोसळतो, पुण्यात तो ७५० मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि सासवड, जेजुरी, सुप्याकडे आणखी कमी. अशा पावसावर कुसळी गवत, बोर, हेंकळ, करवंद, हिवर आणि मधेमधे उघडा मुरूम हेच इथलं मूळ रान. सरकारदरबारी ते पडीक, म्हणून सगळ्यांना तिथे खड्डे खणावेसे वाटतात. पुण्याच्या टेकड्यांवर ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड लावून काय झालं ते तुम्ही रोज बघताच: हिरवं दिसतं, पण खाली गवत जवळजवळ नाही. गवत गेलं की त्यावर जगणारे नाकतोडे गेले, आणि नाकतोड्यांवर जगणारे कोळीही गेले.

आता नोंदींचं. ‘दुर्मीळ’ शोधायला निघू नका. जगात नोंदलेल्या कोळ्यांच्या जातींनी २०२२ मध्ये ५०,००० चा आकडा ओलांडला, पण कोणती जात किती धोक्यात आहे हे ठरवणाऱ्या आययूसीएन या आंतरराष्ट्रीय संस्थेने भारतातल्या बहुतेक कोळ्यांचं मूल्यमापनच केलेलं नाही. त्यामुळे एखादा कोळी खरंच कमी आहे की कुणी पाहिलाच नाही, हे एका फेरीत ठरत नाही. एकच पाऊलवाट ठरवा, दर पंधरवड्याला त्याच वेळी, त्याच संथ चालीने चाला आणि दोन्ही बाजूंचं ठरावीक अंतरच बघा. काही दिसलं नाही तर तेही लिहा. पुढच्या वर्षी तुलनेला तीच नोंद उपयोगी पडते.

प्रत्येक नोंदीत झाड किंवा जमीन हवीच. नुसतं ‘पिवळं फुलपाखरू, सकाळी आठ’ याला फारसा अर्थ नाही. वाघाटी माहीत असेलच, आषाढी द्वादशीला उपास सोडताना जिच्या फळांची भाजी करतात ती. तिच्याच पानांवर पायोनियर फुलपाखराच्या अळ्या वाढतात. ती काटेरी वेल ‘साफसफाई’त गेली की अळ्यांचं अन्नही गेलं. बोरी-बाभळींवर कधीकधी मळकट राखाडी जाळ्याचा गोळा दिसतो, त्यात वाळकी पानं आणि किड्यांची टरफलं अडकलेली. लोक कचरा समजून काठीने पाडतात. ती स्टेगोडायफस या कोळ्यांची वसाहत असते. कोळी एरवी एकेकटे राहतात, हे मात्र शेकड्यांनी एकत्र राहून शिकार करतात, आणि पिल्लं शेवटी आयांनाच खाऊन मोठी होतात. (हे सांगितलं की लहान मुलं खूश होतात, मोठी माणसं गप्प.)

पाऊस ओसरल्यावर सकाळी लवकर गेलात तर गवतात दवाने पांढरे झालेले चादरीसारखे पट्टे दिसतील. एका कडेला नरसाळ्यासारखं भोक असतं. गुडघ्यावर बसून गवताच्या काडीने चादरीला अगदी हलकं टिचकवा. हिपासा नावाचा कोळी सणकन बाहेर येतो आणि फसवणूक कळताच तितक्याच वेगाने आत जातो. अंधारात डोक्याला बॅटरी लावून जमिनीवर झोत टाकलात तर हिरवट ठिणग्या चमकतात, ते लांडगा-कोळ्यांचे डोळे. झुडपाखाली पांढरं कापड किंवा उलटी छत्री धरून फांदी झटकली की जे पडेल त्याचे फोटो काढून तिथेच सोडा.

दगड उलटायचा मोह होईल. इथे लाल विंचू आहे आणि फुरसंही आहे, तेव्हा बोटं घालू नका. दगडाची लांबची कड काठीने आपल्याकडे उचला, म्हणजे आतलं जनावर पलीकडे पळेल. आणि दगड होता तसाच परत ठेवा. बिळाच्या तोंडावर रेशमी बिजागरीचं झाकण दिसलं तर उकरू नका. त्या कोळ्याची मादी वर्षानुवर्षं एकाच बिळात काढते.

कोळ्याचा फोटो वरून, समोरून डोळ्यांचा आणि जमलं तर खालून, असा घ्या. तरी फोटोवरून पुष्कळदा कुळापर्यंतच पोचता येतं. नेमकी जात प्रौढ प्राण्याचे जननावयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच ठरते. म्हणून ‘नवीन जात सापडली’ असं व्हॉट्सॲपवर टाकू नका. काही खरंच वेगळं वाटलं तर भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आपल्या आकुर्डीतच आहे, तिथे विचारा. वनजमिनीवर नमुने पकडायला वनविभागाची परवानगी लागते, ‘अभ्यासासाठी’ म्हटल्याने सूट मिळत नाही. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो टाकताना मोठ्या केसाळ कोळ्यांची नेमकी जागा लपवा. परदेशात ते पाळायला विकले जातात. त्यातला पोइसिलोथेरिया गट २०१९ पासून याच कारणाने साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे.

जपण्यासाठी करण्यापेक्षा थांबवण्याचीच कामं जास्त. फेब्रुवारीपासून वाळक्या गवताला लागणाऱ्या आगी अडवल्यात तरी पुष्कळ झालं. काड्यांना चिकटलेल्या अंड्यांच्या पिशव्या पळून जाऊ शकत नाहीत. पावसाळ्यानंतर वनविभागाशी बोलून जाळपट्टे (आग पसरू नये म्हणून गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे) वेळेवर होतील हे बघा. गवत कापलंच तर एकदम सगळं नाही, यंदा एक तुकडा, पुढच्या वर्षी दुसरा. मेलेलं लाकूड पडू द्या, उघडा मुरूम उघडाच राहू द्या, जमिनीत घरं करणाऱ्या मधमाश्यांना तोच लागतो. थोडी चराई असेल तर गुराख्याशी भांडू नका, माझ्या मते ती रोपणापेक्षा कमी नुकसानीची. हौस भागवायचीच असेल तर आधीच पसरलेला ग्लिरिसिडिया थोडाथोडा काढायची परवानगी मागा.

आणि नोंदी जमल्या की वनक्षेत्रपालांना हिवाळ्यातच भेटा. रोपणाचे खड्डे उन्हाळ्यात खणले जातात. मे महिन्यात यादी घेऊन गेलात तर साहेब चहा देतील आणि ‘काम मंजूर झालंय’ म्हणतील.